पच्चक्खाणाआधी औषधांची वही



चातुर्मास बसला की आपल्या घरांतील बोलण्याचा सूर पालटतो. कोणी अठ्ठाईचा भाव बोलून दाखवतो, कोणी अठ्ठमचा. कोणाचे वर्षीतप चालूच असते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील देरासर असो की कल्याण-डोंबिवलीतील उपाश्रय आणि स्थानके, पर्युषणापूर्वीच्या पंधरवड्यात तपस्वींची नावे लिहून घेण्याची लगबग सुरू होते. त्या यादीत तपस्वीचे नाव असते, तपाचे नाव असते, पारण्याचा दिवसही असतो. तपस्वी रोज कोणती औषधे घेतो, हे मात्र त्या यादीत नसते. पुष्कळदा ते घरच्यांनाही नीट सांगता येत नाही.

आपण व्यापारी माणसे. पेढीवर आलेला आणि गेलेला पैसा लिहिल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. दिवाळीला वहीपूजन करतो, रोजमेळ जुळला नाही तर रात्री बसून चूक शोधतो. परंतु शरीराच्या पेढीत रोज चार-पाच गोळ्या जमा होतात, त्यांची खतावणी कोणाच्याच घरी नसते. या वेळच्या लेखात त्या वहीविषयी बोलायचे आहे.

ठाण्यातील एका परिचर्या महाविद्यालयात मी औषधशास्त्र शिकवते. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना या विषयाचा पहिला धडा देताना मी फळ्यावर एक वाक्य लिहीत असते : ‘औषध पोटात एकटे जात नाही.’ तेथे आधी घेतलेले अन्न असते किंवा नसते, पाणी असते किंवा नसते, आणि दुसरे एखादे औषध आधीच कामाला लागलेले असते. या सर्वांशी गाठ पडल्यावर औषधाचे जे काही होते, तेच रुग्णाच्या वाट्याला येते. हे वाक्य मी अनेक वर्षे लिहिले. माझ्या स्वतःच्या घरात मात्र ते एका पर्युषणात उशिरा पोहोचले.

आमच्या घरी सासूबाईंना सगळेच ‘बा’ म्हणतात. त्या वर्षी त्यांचे वय अडुसष्ट होते आणि त्यांनी अठ्ठाईचा संकल्प केला होता. रक्तदाबाची एक गोळी त्या अनेक वर्षे सकाळी घेत. त्या एका गोळीत दोन औषधे होती : एक टेल्मिसार्टन आणि दुसरे लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकणारे. ‘ही गोळी कधी चुकवू नका’ असे डॉक्टरांनी पूर्वी सांगितले होते, म्हणून तिविहार उपवासात औषधाची छूट ठेवून त्या ती उकाळलेल्या पाण्याबरोबर घेत राहिल्या. प्रतिक्रमणाला बसल्यावर मध्येच उठावे लागू नये म्हणून पाणी मात्र त्या अगदी थोडे पीत. तिसऱ्या दिवशी डोके जड झाले, गुडघे दुखू लागले. कपाटात दुखण्याच्या गोळ्या होत्या. गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. दोन दिवसांत त्यांनी तशा चार गोळ्या घेतल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बा उठून उभ्या राहताच चक्कर येऊन खाली बसल्या. आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ झालीच नव्हती. रुग्णालयात नेल्यावर रक्ततपासणीत क्रिएटिनिन तीनच्या वर निघाले. दोन महिन्यांपूर्वी ते एकच्या आत होते. मूत्रपिंडे काम थांबवण्याच्या बेतात होती. शिरेवाटे सलाईन दिले, त्या गोळ्या बंद केल्या, आणि दैवयोगाने आठवड्याभरात सारे पूर्ववत झाले. पारणे रुग्णालयातच झाले. बा मला एवढेच म्हणाल्या, ‘‘अगं, तू तर हेच शिकवतेस ना? मग मला का नाही विचारलंस?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

आता तो पहिला धडा आपण सर्वांनी मिळून वाचू. तो कठीण नाही. ज्याला मालाची आवक-जावक कळते त्याला तो लगेच कळेल.

गिळलेल्या औषधाचा प्रवास चार टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा शोषणाचा : आतड्यांतून औषध रक्तात येते, म्हणजे माल बंदरावर उतरतो. दुसरा वितरणाचा : रक्ताबरोबर ते शरीरभर पोहोचते. तिसरा चयापचयाचा : मुख्यतः यकृत त्याचे रूप बदलते. चौथा उत्सर्जनाचा : मूत्रपिंडे किंवा पित्त त्याला बाहेर काढतात. आवक आणि जावक यांचा मेळ बसला की रक्तात औषधाची योग्य शिल्लक राहते. शिल्लक फार कमी झाली तर औषध निरुपयोगी ठरते, फार वाढली तर तेच विष होते. अनेकान्ताची शिकवण मिळालेल्या आपल्या समाजाला हे निराळे सांगायला नको. एकच पदार्थ एका अपेक्षेने औषध असतो, दुसऱ्या अपेक्षेने अपाय.

रक्तातील शिल्लक निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळाला अर्धायुकाल म्हणतात. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल दोन ते तीन तासांचा असतो, म्हणून त्याचा परिणाम काही तासांत ओसरतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनचा ३० ते ५० तासांचा असतो. थायरॉइडसाठी घेतल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनचा तर सुमारे सात दिवसांचा. म्हणजे एखाद्या औषधाची एक मात्रा चुकली तर लगेच फरक पडतो, दुसऱ्याची चुकली तर शरीराला फारसा पत्ताही लागत नाही. उपवासात कोणते औषध पुढे ढकलता येईल आणि कोणते नाही, हे डॉक्टर ठरवतात तेव्हा या हिशोबाचाही विचार करतात. आपण मात्र सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजतो : एक तर सगळ्या घेतो किंवा सगळ्याच बंद करतो. दोन्ही चुकीचे.

दोन औषधांची गाठ दोन ठिकाणी पडू शकते. पहिली गाठ वाटेत पडते. एक औषध दुसऱ्याचे शोषण अडवते किंवा यकृतातील त्याची विल्हेवाट मंदावते. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके दूध, कॅल्शियमची गोळी, लोह किंवा आम्लनाशक औषध यांच्याबरोबर घेतली तर पोटातच त्यांच्याशी बांधली जातात आणि रक्तात पुरेशी उतरत नाहीत. अन्नामुळेही असे घडते, हे १९८९ साली कॅनडातील डेव्हिड बेली यांच्या प्रयोगातून ध्यानी आले. फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे ते तपासत होते, आणि मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढली. दोष रसाचा निघाला. आतड्यात औषध मोडणारे एक विकर तो रस निकामी करतो. आज कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते फळ टाळण्यास सांगतात ते यामुळेच.

दुसरी गाठ कामाच्या जागी पडते. येथे औषधे एकमेकांना वाटेत भेटत नाहीत. एकाच अवयवावर दोन-तीन बाजूंनी काम करतात. बांच्या बाबतीत हेच झाले होते. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. तिच्यात रक्त आणणारी एक सूक्ष्म नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखेच. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळांच्या मापावर आतला दाब अवलंबून असतो. दुखण्याच्या गोळीने आत येणारी नळी आवळली. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी नळी सैल केली. पाणी काढून टाकणाऱ्या औषधाने आणि उपवासातील अपुऱ्या पाण्याने टाकीतले पाणीच घटवले. गाळणीत दाब उरला नाही, गाळणे थांबले. प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य होते. चौघांची संगत अयोग्य होती, आणि चौथा सोबती कोणतेही औषध नव्हता. तो होता पाण्याविना गेलेला दिवस.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. तपाविषयी माझ्या मनात आदरच आहे. मीही यथाशक्ति एकासणे-आयंबील करते. परंतु तप करणाऱ्याचे शरीर नेहमीचे नसते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेणे हीदेखील जयणाच आहे. आपल्या समाजात नेहमी आढळणारे काही प्रसंग क्रमाने पाहू.

पहिला प्रसंग चौविहाराचा. पर्युषणाच्या दिवसांत आपल्याकडे सूर्योदय साधारण साडेसहाच्या आधी-मागे होतो, सूर्यास्त सातच्या सुमारास. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. म्हणजे पाणी तोंडात जाण्याचा काळ जेमतेम साडेअकरा तासांचा. डॉक्टरांनी एखादे प्रतिजैविक ‘दिवसातून तीन वेळा’ लिहिले तर त्याचा अर्थ दर आठ तासांनी असा असतो. आपण तिन्ही मात्रा सव्वासात, एक आणि पावणेसात अशा बसवतो. मग रात्रीचे बारा तास रक्तातील शिल्लक उतरत जाते आणि जंतूंना उसंत मिळते. यावर उपाय आहे : डॉक्टरांना आधीच सांगावे की आमच्या घरी चौविहार आहे. पुष्कळ आजारांत दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे औषध निवडता येते. न सांगता स्वतःच वेळा जुळवणे योग्य नव्हे.

याच प्रसंगातील दुसरी सवय अधिक घातक. सूर्यास्त झाला आहे, गोळी राहिली आहे, म्हणून काही जण ती कोरडीच गिळतात. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियमची गोळी किंवा हाडांसाठी दिली जाणारी ॲलेंड्रोनेट ही अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम करते. ॲलेंड्रोनेट तर पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे किमान अर्धा तास ताठ बसावे किंवा उभे राहावे लागते. कोरडी गोळी गिळण्यापेक्षा ती त्या रात्री न घेणे कित्येकदा बरे. पण ते कोणत्या औषधाच्या बाबतीत, हे आधी विचारून ठेवले पाहिजे.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. नवकारशी करणाऱ्यांनी नवकारशी पारताना पाण्याबरोबर ती गोळी घ्यावी आणि चहा-न्याहारी त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करावी. एवढ्याने व्रतही राहते आणि औषधही. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या मात्र तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात.

दुसरा प्रसंग मधुमेहाचा, आणि तो सर्वांत गंभीर. मधुमेहाची सर्व औषधे सारखी नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड ही औषधे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही याची ती वाट पाहत नाहीत. उपवासाच्या दिवशी नेहमीची गोळी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास हा धोका कमी असतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात. दीर्घ उपवासात त्यांच्यामुळे शरीरातील पाणी कमी होते आणि रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ले साठू शकतात. ज्यांना इन्शुलिन चालू आहे, विशेषतः लहान वयापासून, त्यांनी ते स्वतःच्या मनाने पूर्ण थांबवणे जिवावर बेतते.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, छातीत धडधडते, घाम सुटतो, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. येथेही एक आंतरक्रिया आहे. रक्तदाब किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखे औषध चालू असेल तर थरथर आणि धडधड ही धोक्याची घंटा वाजतच नाही. उरतो तो फक्त घाम. उपाश्रयात शेजारी बसलेल्या मधुमेही तपस्वीला अकारण घाम फुटला असेल तर ‘तपाचे तेज’ म्हणून सोडून देऊ नका. आणि ही हृदयाची औषधे उपवासासाठी एकदम बंदही करू नका. अचानक बंद केल्याने छातीत दुखण्याचा जोरदार उलटा झटका येऊ शकतो.

तिसरा प्रसंग हिरव्या भाजीचा. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या व्यक्तींना वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जाते. हे औषध ‘क’ जीवनसत्त्वाविरुद्ध काम करते. इंग्रजी अक्षरमालेतील ‘सी’ नव्हे, ‘के’. आणि हे जीवनसत्त्व मुख्यतः हिरव्या पालेभाज्यांत असते. औषधाची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहाराला जुळवून ठरवलेली असते. आता आपल्या घरांचा विचार करा. पाच तिथींना हिरवीचा त्याग, चातुर्मासात अनेकांचा पालेभाजीचा त्याग, चैत्र आणि अश्विन महिन्यांत नऊ-नऊ दिवस आयंबिलाची ओळी. ज्या श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेने नवपदाची आराधना घरोघरी पोहोचवली, त्या श्रीपालाच्या कथेत समुद्रातून तरून तो ज्या किनाऱ्याला लागतो तो आपल्याच ठाण्याचा मानला जातो. त्यामुळे ओळीचे महत्त्व आपल्या भागात काही निराळेच. परंतु वॉरफरिन घेणाऱ्याच्या ताटातून हिरवी भाजी नऊ दिवस नाहीशी झाली की त्याच मात्रेचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. पारण्यानंतर भाजी पुन्हा सुरू झाली की परिणाम घटतो आणि गुठळीचा धोका. त्यात मेट्रोनिडाझोलसारखे पोटाचे औषध कोणी दिले तर परिणाम आणखी वाढतो. भाजी खावी की खाऊ नये हा प्रश्नच नाही; आहारात बदल होणार आहे हे डॉक्टरांना आधी कळवून, त्या काळात आयएनआर ही तपासणी अधिक वेळा करून घ्यावी.

हृदयात स्टेंट घातलेल्यांनी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवू नये. उपवासात आम्लपित्त वाढले म्हणून पुष्कळ जण ओमेप्राझोल आणतात. पण ते यकृतात क्लोपिडोग्रेलला कामाच्या रूपात येऊ देत नाही. आम्लपित्तासाठी दुसरे औषध मिळू शकते. विचारायचे तेवढे.

चौथा प्रसंग आपल्या सर्वांच्या बोलण्यातला : ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही.’ आयुर्वेदाचा याहून मोठा अपमान दुसरा नसेल. ज्याने काही होत नाही त्याने बरेही होणार नाही. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक असलेले हे मूळ रक्तदाब उतरवते, हे त्यांनी रुग्णांवरील निरीक्षणांतून मांडले आणि जगाने त्याची दखल घेतली. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे याच मुळातील रेसर्पिन या द्रव्याने काही रुग्णांना खिन्नता येते, हेही दिसून आले. वनस्पतीत सामर्थ्य असते तेव्हा तिच्यात अपायही असू शकतो. खोकल्यासाठी आपण सहज चघळतो ते ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि भरपूर घेतले तर शरीरातील पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब वाढतो; हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते धोक्याचे. पोट साफ होण्यासाठी घेतलेला इसबगोल गोळ्यांबरोबरच घेतला तर गोळ्या त्यात गुंतून राहतात. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. म्हणून वहीत वैद्यांचे चूर्ण आणि दुकानातला काढा यांचीही नोंद हवी.

पाचवा प्रसंग कॅप्सूलचा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, हे कळल्यावर पुष्कळ घरांत कॅप्सूल उघडून आतली भुकटी साखरेच्या पाण्यातून देतात. भावना शुद्ध आहे, रीत सदोष. काही औषधांचे आतले दाणे मुद्दाम आवरण दिलेले असतात, जेणेकरून ते पोटातील आम्लात नष्ट न होता पुढे आतड्यात विरघळावेत किंवा दिवसभर हळूहळू सुटावेत. ते दाणे चुरडले तर औषध एक तर वाया जाते किंवा दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल बाजारात मिळतात, पुष्कळ औषधे साध्या गोळीच्या रूपातही असतात. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला आपली अडचण सांगितली तर ते पर्याय देतात.

आता वहीकडे येऊ. परिचारिकेला औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी पडताळायला शिकवतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आपली वही याच पाच प्रश्नांवर उभी राहील. घरातील प्रत्येकासाठी एक पान. औषधाचे बाजारातील नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव, दोन्ही लिहा. कारण दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत पुष्कळदा एकच द्रव्य निघते. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की नंतर. कशासाठी आणि कोणत्या डॉक्टरांनी दिले. कधी सुरू झाले. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले किंवा श्वास कोंडला, तेही लिहा. दुखण्याची गोळी, आम्लपित्ताचे औषध, चूर्ण, काढा, शक्तिवर्धक गोळ्या हे सर्व त्याच पानावर. घरातील सुनेने किंवा नातवाने महिन्यातून एकदा पाकिटे समोर ठेवून पानाशी मेळ घालावा.

औषधाच्या पाकिटावरील लाल खुणांकडेही लक्ष द्या. औषधे नियम, १९४५ मधील ‘एच’ परिशिष्टातील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टात अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची काही औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला निराळ्या वहीत ठेवावी लागते. आपल्या वाचकांत औषधविक्रेते बंधूही आहेत. ओळखीच्या ग्राहकाला चिठ्ठीशिवाय पाकीट काढून देणे हा व्यवहारातील स्नेह वाटतो. पण बांच्या कपाटातील त्या गोळ्याही अशाच स्नेहाने आल्या होत्या. ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढा एक प्रश्न काउंटरवरून विचारला गेला असता तरी पुष्कळ झाले असते. औषधाने काही अपाय झाल्याची शंका आली तर भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ती कळवता येते. आपली तक्रार पुढच्या रुग्णाला वाचवते.

तपाचा भाव असेल त्यांनी किमान दोन आठवडे आधी ही वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ‘उपवास करू का?’ असे विचारले तर बहुतेक डॉक्टर ‘नको’ म्हणून मोकळे होतील, आणि मग आपण न सांगताच करू. त्याऐवजी तप समजावून सांगावे : किती दिवस, पाणी आहे की नाही, केव्हापासून केव्हापर्यंत, पारण्याला काय घेणार. मग विचारावे, यातील कोणते औषध चालू ठेवायचे, कोणते कमी करायचे, कोणते थांबवायचे आणि पारण्यानंतर केव्हा, किती मात्रेने पुन्हा सुरू करायचे. आठ दिवसांनी अन्न सुरू झालेल्या शरीरावर जुनी मात्रा आपोआप लादू नये. डॉक्टर म्हणाले की यंदा दीर्घ तप नको, तर एकासणे, बियासणे, स्वाध्याय, सामायिक, कषायांचा उपवास, हे मार्ग खुलेच आहेत. बाह्य तप सहा तसेच आभ्यंतर तपही सहा आहेत.

आपल्या पूर्वाचार्यांनी पच्चक्खाणातच आगार ठेवले आहेत. त्यांतील सव्वसमाहिवत्तियागार हा तीव्र व्याधीने समाधी ढळू लागल्यास औषधोपचाराची मोकळीक देतो. व्यवहारात आपण करार करतो तेव्हा अडचणीचे कलम आधीच घालून ठेवतो. शास्त्रकारांनीही तेच केले, कारण त्यांनी मनुष्यदेहाची मर्यादा ओळखली होती. त्याचा उपयोग केव्हा आणि कसा करावा हे गुरुभगवंतांना विचारावे. परंतु त्यांना विचारण्यासाठीही आपल्याला आपली औषधे माहीत असली पाहिजेत.

बा आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या पर्युषणात त्यांनी आठ दिवस एकासणी केली. पहिल्या दिवशी पच्चक्खाण घ्यायला निघताना त्यांच्या पिशवीत मुहपत्ती, कटासणे आणि नवकारवाळीबरोबर एक छोटी लाल वही होती. पेढीवरच्या जुन्या वह्यांसारखीच लाल कापडाची. दुकानातून त्यांनीच मागवून घेतली होती. पहिल्या पानावर ‘श्री’ काढून त्याखाली त्यांनी आपल्या हाताने टेल्मिसार्टन असे लिहिले आहे. स्पेलिंग मला विचारून.

या लेखनात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.